अर्शियाचं आख्यान

पाहुण्यांना अर्शियाच्या वडिलांना भेटायचं होतं.

प्राचार्य श्रीनिवास सरांनी ईमेल मोठ्यानं वाचली आणि चष्मा कपाळावर चढवून मंदाकिनीकडे पाहिलं. "‘ज्या वडिलांचं मन बदललं, त्यांना प्रत्यक्ष भेटण्याची आमची इच्छा आहे.’ आणा की मग. खडकीहून यायला काही व्हिसा लागत नाही."

"हो सर," मंदाकिनी म्हणाली. हवा न भरताच पेटीचा भाता मिटावा, तसं तिच्या छातीत काहीतरी मिटलं.

पुण्यातल्या एका लहानशा विज्ञान महाविद्यालयात ती रसायनशास्त्र शिकवायची आणि तिथला सेतू वर्ग सांभाळायची. मराठी नाहीतर उर्दू माध्यमातून आलेल्या मुली पहिल्या वर्षाच्या इंग्रजी तासांना भिंतीसारख्या बसून राहत आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर दिसेनाशा होत. ‘लग्न ठरलं असेल,’ म्हणून कॉलेजही विसरून जाई. सेतू वर्गात या मुलींना तेच धडे आधी त्यांच्या भाषेत, मग इंग्रजीत समजावून दिले जात, प्रयोगशाळेत हात धरून काम शिकवलं जाई, लांबच्या मुलींची वसतिगृहात सोय होई. हा सगळा संसार युरोपातल्या एका देशाच्या विकासनिधीवर चालला होता. त्या निधीचा पहिला टप्पा आता संपत आला होता. दुसरा द्यायचा की नाही, ते ठरवायला पाहुणे येणार होते. त्यांच्या देशात म्हणे लोक विचारू लागले होते, चंद्रावर यान पाठवणाऱ्या देशातल्या मुलींच्या पदवीसाठी आम्ही कर का भरायचा? शाळा काढा, लसी द्या, समजू शकतो. पदवी ही चैन झाली.

म्हणून तर गेल्या वर्षी त्यांनी गोष्ट मागवली होती. आकडे आमच्याकडे आहेत, एका मुलीची गोष्ट पाठवा.

आणि गोष्ट कशी उभी करायची, हे मंदाकिनीला कोणी शिकवायला नको होतं. धायरीच्या दत्तमंदिरात दर गुरुवारी कीर्तनाला पेटीची साथ तीच करायची. लहानपणापासून तिनं इतकी कीर्तनं ऐकली होती की सभा कुठे हलते, हे तिला डोळे मिटून कळे. पूर्वरंगात बुवा तत्त्व सांगत असतात तेव्हा लोक मांडी बदलतात, आजोबा पेंगतात, कोणीतरी मोबाईल बघून घेतं. उत्तररंगात आख्यान सुरू होतं, हिरण्यकश्यपू गदा आपटत येतो, आणि मागच्या खांबाला टेकलेला माणूससुद्धा पुढे सरकतो. प्रल्हाद गोड आहेच. पण सभा धरून ठेवतो तो त्याचा बाप.

अर्शिया हुशार होती, कष्टाळू होती, सूक्ष्मजीवशास्त्रात पहिली आली होती. पण तिच्या गोष्टीत बाप नव्हता. म्हणजे होता, शकीलभाई होते. पण गदा नव्हती. खडकी बाजारात जवानांचे गणवेश शिवणारा हा माणूस. मुलीच्या प्रवेशाला दुकान बंद करून आला होता आणि ‘ताई, हिला मशीनवर बसायची फार हौस आहे, तुम्ही तिला पुस्तकावर बसवा,’ म्हणून मंदाकिनीच्या हाती तिला सोपवून गेला होता. सेतू वर्गाच्या मुलींचे पांढरे ॲप्रन दर वर्षी तोच शिवायचा. अशा माणसाचं आख्यान कसं रंगायचं?

मग तिला आठवलं. पहिल्या वर्षी अर्शियाला टायफॉईड झाला होता. बरी होऊन आल्यावर ती हसत हसत सांगत होती, "अब्बूंनी माझं कॉलेजच बंद केलं होतं मॅडम. प्रॅक्टिकलला पळून जाईन म्हणून चपला लपवून ठेवल्या."

मंदाकिनीनं लिहिलं, ‘वडिलांनी तिचं कॉलेज बंद केलं. तिच्या चपला लपवून ठेवल्या.’

ताप लिहिला नाही. पुढे मुलीच्या जिद्दीपुढे बापाचं मन कसं द्रवलं, ते लिहिलं. लिहिताना तिला आपण खोटं बोलतोय असं वाटलंही नव्हतं. पहिली दोन वाक्यं तर अक्षरशः खरी होती. पुढचं आपसूक आलं, जसं बुवांना येतं.

तिकडच्या लोकांना गोष्ट इतकी आवडली की त्यांनी तिचा लहानसा चित्रपट केला, हलत्या चित्रांचा. त्यात एक दाढीवाला माणूस धाडकन दार लावून घेतो आणि मुलगी फटीतून बाहेर बघत राहते. तो पाहिला तेव्हा मंदाकिनीला पहिल्यांदा घाम फुटला. पण तो दूरदेशी दाखवणार होते. खडकीत कोण बघतंय?

*

"या मॅडम. बसा."

शकीलभाईंनी दुकानातलं स्टूल पुढे सरकवलं. आजवर ते तिला ताई म्हणत आले होते. मंदाकिनीला तिथेच कळलं.

"तुम्ही पाहिलात."

"पाहिला. बाजारानंच पाहिला, मोबाईलवर. खाली माझं नाव आहे ना. सुभेदारसाहेब माप द्यायला आले होते, म्हणाले, ‘शकील, तू तो इंटरनॅशनल हो गया.’" खाकी पँटची शिवण उसवत ते बोलत होते, वर न बघता. "मला एकच विचारायचं होतं. दाढी कुठून आली?" त्यांनी गुळगुळीत हनुवटीवरून हात फिरवला. "मी कधी ठेवली नाही. वडिलांची होती, पण त्यांनी तर माझ्या फुफूला, आपल्या बहिणीला, त्या काळात मॅट्रिक केलं."

"दाढी मी नव्हती लिहिली हो," मंदाकिनी घाईनं म्हणाली.

"बरं." त्यांनी दोरा तोडला. "म्हणजे बाकीचं लिहिलं होतं."

पडद्यामागून अर्शियाची आई, नसीमबानू, सरबताचा पेला घेऊन आल्या. "मी म्हणते, बाई, दार आपटणारा म्हणून ह्यांना घेतलंत? ह्यांना? घरात शिरलेलं मांजर हाकलता येत नाही ह्यांना, त्याला ‘चला, उठा’ म्हणतात. ओरडायचं खातं माझ्याकडे आहे. सिनेमा काढायचाच होता तर माझा काढायचा." त्या हसल्या, पण पेला स्टुलावर ठेवताना सरबत हिंदकळून सांडलं, आणि ते त्यांनी पुसलं नाही.

अर्शिया आत कॉटवर पुस्तक घेऊन बसली होती. तिनं मान वर केली.

"मी तुम्हाला हसत सांगितलं होतं मॅडम," एवढंच ती म्हणाली.

माफी मागायची, असं ठरवून मंदाकिनी रिक्षात बसली होती. वाटेत वाक्यंही जुळवली होती. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "मंगळवारी पाहुणे येताहेत. त्यांना तुम्हाला भेटायचंय."

शकीलभाईंनी आता कुठे वर पाहिलं. "म्हणजे पोरगी दाखवतात तसा बाप दाखवायचा. पोहे असतील ना?"

"शकीलभाई..."

"नाही आलो तर?"

"विचारतील, का नाही आले."

"आणि येऊन म्हटलं, हे सगळं खोटं आहे, तर?"

दुकानाच्या फळीवर पांढऱ्या कापडाचा नवा तागा होता, या वर्षीच्या ॲप्रनसाठी आणलेला. दोघांचीही नजर तिकडे गेली.

"या पोरींचं काय होईल मग?"

"वर्ग बंद पडेल. वसतिगृहही, बहुतेक."

मशीनचं चाक त्यांनी हातानं उगाच एकदा फिरवलं. "येतो. काय बोलायचं ते सांगा."

"तुम्हाला जे वाटेल..."

"तसं नाही. शिंपी आहे मी, मापाशिवाय कापत नाही. नीट सांगा."

आणि मंदाकिनीनं सांगितलं. पोरीच्या जातीला एवढं शिक्षण कशाला, असं मला वाटायचं, म्हणा. मग चपलांचं म्हणा. मग म्हणा, आता मला तिचा अभिमान वाटतो. एखाद्या विद्यार्थ्याकडून तोंडी परीक्षेची तयारी करून घ्यावी तशी तिनं ती वाक्यं दोनदा त्यांच्याकडून म्हणवून घेतली. नसीमबानू कधी आत निघून गेल्या, तिला कळलं नाही. अर्शियानं पुस्तक मिटलेला आवाज मात्र ऐकू आला.

*

गुरुवारी कीर्तनात तिची बोटं चुकत राहिली. बुवांनी दोनदा मान वळवून पाहिलं.

कोंडीरामबुवा मूळचे धायरीचे, धायरी खरोखरीचं गाव होतं तेव्हापासूनचे. गुरूच्या घरी राहून नारदीय कीर्तन शिकलेले. उभे राहिले की बोलणं शुद्ध, संस्कृत श्लोकांनी भरलेलं. आरती झाली आणि उपरणं घडी घातलं की गावचं.

"सूर कुटं व्हता आज तुझा?" खडीसाखर तिच्या हातावर ठेवत त्यांनी विचारलं.

"बुवा, तुम्ही हिरण्यकश्यपू वाढवता ना? पुराणात नाही ते त्याच्या तोंडी घालता."

"घालतो की. त्याबिगार रंग भरत न्हाई."

"मग ते पाप नाही?"

"त्यो काय तक्रार घेऊन येनार हाय का माझ्याकडं?" बुवा हसले. "त्याला ना घर, ना दुकान. त्याची सोयरीक मोडायची न्हाई, का त्याला रस्त्यात कुनी हसायचं न्हाई." बोलता बोलता त्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं आणि हसू आवरलं. "पोरी, तू कुनाला वाढवलंस?"

तिनं सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर बुवांनी आणखी एक प्रश्न विचारला असता, आणि तो प्रश्न तिला आधीच ऐकू येत होता. मुलीचं नाव राजनंदिनी असतं, बापाचं नाव बजरंग असतं, तर तू असं लिहिलं असतंस? सेतू वर्गात अशा मुलीही होत्याच की. त्यांच्यापैकी एकीच्या बापाच्या हातात गदा द्यायचं तिच्या मनात आलं नव्हतं. इथे मात्र कोणी पुरावा मागणार नाही, शकील हे नाव वाचलं की उरलेलं लोक स्वतःच भरून घेतील, हे तिला ठाऊक होतं. लिहिताना तिनं ते मनात आणलं नव्हतं एवढंच. दाढी तिनं लिहिली नव्हती, खरंय. दाढीला जागा तिनंच ठेवली होती.

गाभाऱ्यासमोर हात जोडले तेव्हा दत्ताकडे बघवेना. पेटीला कुलूप लावून ती चपला शोधू लागली, आणि चपला या गोष्टीनंही तिला भरून आलं.

*

मंगळवारी पोहे होते, शिरा होता, दारात रांगोळी होती.

निधीवाल्या बाई मनानं चांगल्या होत्या. कपडे साधे सुती. प्रयोगशाळेत त्या मुलींमध्ये मिसळल्या, सूक्ष्मदर्शकातून बघितलं, नेमके प्रश्न विचारले. त्यांना काही बडेजाव नको होता. त्यांच्यासोबत कॅमेरा घेतलेले एक गृहस्थ होते, तेही हळू बोलणारे.

शकीलभाई कडक इस्त्रीचा सदरा घालून वेळेआधी आले होते. शेजारी अर्शिया. नसीमबानू आल्या नव्हत्या.

बाई इंग्रजीत विचारत होत्या, मंदाकिनी मराठीत सांगत होती. शकीलभाई मराठीत उत्तर देत होते, मंदाकिनी ते इंग्रजीत फिरवत होती.

"तेव्हा मुलीनं शिकू नये असं तुम्हाला का वाटत होतं?"

शकीलभाईंनी घसा साफ केला. "पोरीच्या जातीला एवढं शिक्षण कशाला, असं मला वाटायचं."

मंदाकिनीनं भाषांतर केलं. किती सहज झालं ते! त्या सहजपणाचीच तिला भीती वाटली.

"मी तिचं कॉलेज बंद केलं होतं. चपला लपवल्या होत्या."

तेही तिनं सांगितलं. अर्शिया टेबलाच्या कडेकडे बघत होती.

बाई थोड्या पुढे वाकल्या. "ते दिवस तुम्हाला आठवतात का? कसे होते?"

हा प्रश्न तयारीत नव्हता. शकीलभाईंनी मंदाकिनीकडे पाहिलं. याचं माप तिनं दिलेलं नव्हतं. मग ते आपलेआपणच बोलू लागले.

"आठवतात ना. तिला उठून बसवलं तरी धाप लागायची. झोपेत ‘प्रॅक्टिकल, प्रॅक्टिकल’ म्हणायची. मी कपाळावर पट्ट्या ठेवायचो, म्हणायचो, नाही जायचं बाळा, आज नाही, आधी ताप..." त्यांची जीभ अडखळली. कान लाल झाले. "म्हणजे, जाऊ देत नव्हतो. रागानं." खाली बघत ते पुन्हा म्हणाले, "रागानं."

बाईंना मराठी येत नव्हतं. त्यांना फक्त या माणसाचे भरलेले डोळे दिसले आणि त्यांना वाटलं, हा पश्चात्ताप. चुकलेल्या आणि आता सुधारलेल्या माणसाकडे बघावं तसं, मोठ्या मनानं, त्या त्यांच्याकडे बघू लागल्या. कॅमेरावाले एक पाऊल पुढे आले.

ती नजर मंदाकिनीला सोसली नाही.

सगळे तिच्या इंग्रजीची वाट बघत होते. साथीला बसणाऱ्याला पहिल्या दिवशी एकच सांगतात. बुवांचा आवाज घसरला तरी आपण त्यांच्यामागे घसरायचं नाही, पेटीनं सूर धरून ठेवायचा. इतकी वर्षं ती तेवढंच तर करत आली होती.

"ते सांगताहेत," ती इंग्रजीत म्हणाली, एकेक शब्द सावकाश, "की मुलगी तापानं फणफणली होती आणि ते तिच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होते. तिला टायफॉईड होता, म्हणून त्यांनी तिला जाऊ दिलं नाही. तिच्या शिक्षणाला त्यांनी कधीही विरोध केलेला नाही. ताप मी वगळला. याआधी ते जे बोलले, ते मी त्यांच्याकडून पाठ करून घेतलंय."

श्रीनिवास सरांचा चमचा बशीत पडला.

"काय झालं?" शकीलभाईंनी मुलीला हळूच विचारलं.

"मॅडमनी सांगितलं, अब्बू. ताप सांगितला."

बाईंनी हातानं कॅमेरा खाली करायला लावला. मग अर्शियाकडे वळून विचारलं, "मग तुला अडवलं कोणी होतं?"

अर्शियानं इंग्रजीतच उत्तर दिलं, व्याकरण सांभाळत, न घाबरता. "कोणी नाही. पुस्तकं इंग्रजीत होती. तासाला काय चाललंय ते मला कळत नव्हतं. एवढंच होतं. हा वर्ग नसता तर दिवाळीनंतर मी दुकानात बटणं लावत बसले असते, आणि माझे वडील आतल्या खोलीत जाऊन रडले असते."

"हे मी आमच्या लोकांना कसं दाखवू?" बाईंच्या आवाजात राग नव्हता, त्या खरोखरच विचारत होत्या. "दार लावून घेणारा बाप दाखवता येतो. न कळणारा तास कसा दाखवायचा?"

जाताना बाईंनी स्वच्छ सांगितलं. आज होकार देऊन जायचं ठरवून त्या आल्या होत्या. आता तो देता येणार नाही. घडलं ते सगळं वर कळवावं लागेल. चित्रपट काढून टाकायला त्या सांगतील. पुढचं त्यांच्या हातात नाही. शकीलभाईंसमोर त्या क्षणभर उभ्या राहिल्या आणि त्यांनी नुसते हात जोडले.

गाडी फाटकाबाहेर गेली तसे श्रीनिवास सर म्हणाले, "मंदाकिनीबाई, खरं बोलायला आपल्याला अख्खं वर्ष मोकळं होतं. आजचाच मुहूर्त मिळाला?" आणि उत्तराची वाट न बघता ते आपल्या खोलीत गेले.

व्हरांड्यात शकीलभाई उभे होते.

"आरशासमोर उभं राहून पाठ केलं होतं मी," ते म्हणाले. "नसीम हसायची. आणि ऐन वेळी मीच ताप काढला."

"त्या तुमच्याकडे बघत होत्या ते मला बघवलं नाही."

"तुम्हाला बघवलं नाही." त्यांनी मान हलवली. "आणि ह्या?"

व्हरांड्याच्या टोकाला या वर्षीच्या मुली घोळक्यानं थांबल्या होत्या. आत काय झालं, ते कानावर यावं म्हणून.

"खरं बोललात. मन हलकं झालं असेल."

"नाही झालं."

"बरंय," शकीलभाई म्हणाले.

"मला माफ करा." रिक्षात जुळवलेल्या वाक्यांतलं एकही आता तिला आठवत नव्हतं. "तुमच्या घरी येऊन सरबत प्यायले, आणि तुमच्याच तोंडी..."

"सरबत प्यायलात कुठे? तसंच ठेवून गेलात. नसीमनं ते मोरीत ओतलं." ते थोडे थांबले. "बाजारात आता कोणाकोणाला सांगत बसू मी, की मॅडमनी खरं काय ते सांगितलंय? आत तर कॅमेरा खाली करायला लावला त्यांनी."

तेवढ्यात घोळक्यातून एक मुलगी पुढे आली. राजनंदिनी, यवतमाळकडची, वसतिगृहात राहणारी. "मॅडम, पाहुणे काय म्हणाले? राहील ना वर्ग आपला?"

"माहीत नाही गं," मंदाकिनी म्हणाली. आणि मग, तोंड फिरवायचं नाही असं ठरवून, "मी मागे एक खोटं लिहून पाठवलं होतं. ते आज त्यांना सांगितलं. त्यामुळे कदाचित नाही राहणार."

राजनंदिनीनं तिच्याकडे पाहिलं, मग शकीलभाईंकडे, मग खाली स्वतःच्या पायांकडे. तिनं काही विचारलं असतं, ओरडली असती, तर बरं झालं असतं असं मंदाकिनीला वाटलं.

शकीलभाईंनी खिशातून मापाची पट्टी काढली आणि गळ्यात टाकली. "ये इकडे. खांदे सरळ. बाकीच्यांना पण बोलाव."

"पण काका, वर्गच नसला तर..."

"कापड आणून पडलंय. त्याचे काय पडदे करू? वर्ग असो नसो, प्रयोगशाळेत ॲसिड तर सांडणारच ना तुमच्या हातून?"

एक मुलगी फिसकन हसली. हळूहळू त्या रांगेत उभ्या राहिल्या. अर्शिया त्यांना पुढे-मागे करू लागली, आता ती त्यांची मोठी ताई होती.

दर वर्षी असंच होई. शकीलभाई माप घेत, मोठ्यानं सांगत, आणि मंदाकिनी शेजारी उभी राहून लिहून घेई. ‘ताई, लिहा,’ म्हणत ते सुरुवात करत, आणि मग दोघांची लय लागे, पहिल्यापासून शेवटच्या मुलीपर्यंत. तिनं व्हरांड्यातल्या टेबलावरचा कागद ओढला, पेन्सिल घेतली आणि नेहमीच्या जागी, त्यांच्या डाव्या हाताला, जाऊन उभी राहिली. ते तिला जा म्हणाले नाहीत.

त्यांनी राजनंदिनीच्या खांद्यावर पट्टी धरली, डोळे बारीक करून आकडा वाचला. मंदाकिनी वाट बघत होती. आकड्याची नव्हे, त्याच्या आधीच्या शब्दाची.

"लिहा," शकीलभाई म्हणाले. आणि क्षणभर थांबून, तिच्याकडे न बघता, "मॅडम."